भरलेली बाटली

यलहंका, बेंगळूरु
रविवार, दुपार

प्रिय सुधी,

पाकीट पाहून तुला हसू येईल. दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्या बाईने कागदावर का लिहावं, असं वाटेल. कारण साधं आहे. फोनवर अण्णांचं नाव निघालं की तू 'बरं, ठेवतो' म्हणतोस आणि खरंच ठेवतोस. मेसेज अर्धा वाचून पुढे जातोस. कागद निदान टेबलावर पडून राहतो. हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे, कारण ते आधी तू एकट्याने वाचावंस. मग मुग्धाला द्यायचं की नाही ते तू ठरव. माझं मत विचारशील तर द्यावंस.

लिहायचे विषय दोन आहेत. एक अण्णांचं पिणं. दुसरा माझ्या रक्ताची एक तपासणी, जिचा निकाल तयार आहे आणि मी अजून घेतलेला नाही. हे दोन्ही मिळून एकच विषय आहे, हे मलाही गेल्या वर्षी कळलं.

आधी घरचं सांगते. आईचे गुडघे तसेच आहेत. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू बाईंशी तिची गट्टी जमली आहे. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, म्हणून भांडण होत नाही, असं ती म्हणते. चिकपेटचं आपलं कापडाचं दुकान ज्यांनी घेतलं त्यांनी तिथे मोबाइलची कव्हरं टांगली आहेत. आपला लाकडी काउंटर ठेवला आहे, पण तोंड फिरवून. मी परवा मुद्दाम मेट्रोने जाऊन बघून आले. अण्णांना सांगितलं नाही. अण्णा आता घरातल्या घरात चालतात, एका हाताने भिंत धरून आणि दुसऱ्या हातात दुकानातली लोखंडी मीटरपट्टी घेऊन. मी चांगली चार पायांची काठी आणली होती. ती म्हाताऱ्यांची असते म्हणाले. रागीची अंबील आई घट्ट करून देते, कारण पातळ काही दिलं की ठसका लागतो आणि तो थांबत नाही. जीभ जड झाली आहे. डोकं मात्र पूर्वीइतकंच चालतं. टीव्हीवर साड्यांची जाहिरात लागली की हे सिल्क नाही, हे सिल्क नाही, असं अजून ओरडतात. फक्त ते काय ओरडतायत ते कळेपर्यंत जाहिरात संपलेली असते.

इथवर वाचून तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. इतकी वर्षं ढोसल्यावर दुसरं काय होणार. म्हणून ते एक वाक्य आत्ताच लिहून टाकते. सुधी, अण्णा पीत नव्हते. कमी पीत होते असं नाही, मध्ये सोडली होती असंही नाही. ते कधीच प्यायले नाहीत.

हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही, तो माझा स्वभाव नाही हे तुला ठाऊक आहे. चिकपेटचं घर रिकामं केलं तेव्हा बटणांच्या आणि लेसच्या पत्र्याच्या पेटीत, अस्तराच्या कापडात गुंडाळलेली एक बाटली सापडली. तीच, जी तुला एकदा सापडली होती आणि जिच्यावरून तू आठवडाभर जेवायला घरी येत नव्हतास. मी ती फेकायला उचलली आणि सवयीने लेबल वाचलं. त्यावर बाटली भरल्याचा महिना आणि साल छापलेलं असतं. तू तेव्हा बारावीत होतास. झाकणाच्या कडेला गंज धरला होता आणि बाटली जवळजवळ गळ्यापर्यंत भरलेली होती. दारुड्याच्या घरात इतकी जुनी बाटली भरलेली सापडत नाही. मी आईला विचारलं की ही एक विसरलेली असेल का, बाकीच्या कुठे ठेवायचे. आई बांधलेल्या गादीवर बसली आणि तिला हसू आवरेना. म्हणाली, "अगं तेवढी एकच आहे. संपली तर दुसरी आणायला कोण जाणार? दुकानात उभं राहायची लाज वाटते त्यांना. म्हणून जपून वापरतात." मग पदराने डोळे पुसून पुन्हा भांडी गुंडाळायला लागली, जणू विषय संपला होता.

वापरतात म्हणजे काय, तर शनिवारी दुकान बंद करून येताना रुमालावर दोन थेंब. तुला शनिवार आठवत असतील. अण्णा जिन्यात अडखळत, भिंतीला खांदा लागे, आणि आई दारातूनच सुरू करी, "आलात ढोसून? पोरांच्या तोंडाकडे तरी बघा!" समोरच्या शेट्टींच्या खिडकीत दिवा लागे. मग दार बंद होई आणि स्वयंपाकघरात दोघांची कुजबुज चाले. मी एकदा त्या कुजबुजीत हसणं ऐकलं होतं. आईला कणा नाही, असा निष्कर्ष मी तेव्हा काढला होता. आता कळतं की ती विचारत होती, आज आवाज जास्त झाला का, आणि ते म्हणत होते, नाही, शेट्टींपर्यंत पोचला, बेस झालं.

मी अण्णांना सरळ विचारलं. नव्या घरात सामान लागायचं होतं, ते खोक्यावर बसले होते. पहिल्यांदा त्यांनी खोटंच सांगितलं की दुसऱ्या बाटल्या दुकानात असायच्या. मी म्हटलं, दुकान मी झाडलंय. नंतर जे म्हणाले ते मला जसंच्या तसं आठवतं, कारण जड जिभेने ते फार सावकाश म्हणाले. "पिणाऱ्याच्या पोरीला लोक मागणी घालतात. बिचारी सोसून शहाणी झालीय म्हणतात. रक्तातला रोग म्हटलं की उंबऱ्याला पाय लावत नाहीत. बापाचं पिणं बापाबरोबर जातं, रूपा."

हे त्यांचं डोकं नव्हे, आपल्या घराची पद्धत आहे. नरसिंहराव आजोबांना आपण फारसं पाहिलं नाही, पण त्यांच्याबद्दल काय ऐकलं होतं आठव. पीत होते, झिंगत दुकानात यायचे, गटारात पडले होते. आल्बम काढून बघ. आजोबा प्रत्येक फोटोत बसलेले आहेत. शारदा आत्याच्या लग्नातसुद्धा सगळे उभे आणि मुलीचा बाप खुर्चीत. चाळिशीनंतर त्यांचा तोल जायला लागला, तेव्हा आत्याचं बघणं चालू होतं. आपला समाज केवढा, तर बेंगळूर, हुबळी, दावणगेरे मिळून एका मंगल कार्यालयात मावेल एवढा. मुलीची पत्रिका पुढे गेली की तिच्या मागोमाग चौकशी जाते. आजीने तेव्हा स्वतःच शेजारी सांगायला सुरुवात केली की यांना सवय लागली आहे. अण्णा म्हणतात की आजोबांनी पुढे खरंच घ्यायला सुरुवात केली, लोक म्हणतातच आहेत तर आपलं नुकसान का करून घ्या. हे सांगताना अण्णांना हसू आलं आणि हसण्याचा ठसका लागला. स्वतः मात्र त्यांना तो वास सहन होत नसे. शनिवारी रुमाल खिशात घालून घरी येईपर्यंत ते तोंडाने श्वास घेत असत.

त्यांना स्वतःचं कळलं ते कात्रीवरून. अण्णा कापड खूण न करता कापत, तू पाहिलं आहेस. कडेला एक काप द्यायचा आणि कात्री उघडमीट न करता तशीच पुढे सरकवायची, धाग्याच्या रेषेतून. एकदा एका गिऱ्हाइकाने अस्तर परत आणलं, कड नागमोडी झाली होती. त्या बाई चेष्टेने म्हणाल्या, "काय अण्णा, स्वल्प जास्त झाली का?" अण्णा म्हणतात, मी वर बघितलं, आजोबांच्या फोटोकडे, आणि हो म्हणालो. तेव्हा मी शाळेत होते, तू माझ्याहून लहान. त्या एका हो नंतर मागे फिरता आलं नाही; बाटली काही वर्षांनी आली.

आता तुझ्या लग्नाचं. मी ते टाळणार होते. पण ते टाळून बाकीचं लिहिलं तर पत्राला अर्थ राहत नाही. पुण्याचं ते कार्यालय, मुग्धाकडच्या मंडळींचं 'तुम्ही बेंगळूरचे असून मराठी छानच बोलता हो', आणि अक्षतांचं ताट घेऊन पायरी चढणारे अण्णा. ताट पडलं, कळस गडगडत पहिल्या रांगेत गेला. तू म्हणालास, "आजचा दिवस तरी सोडायची होती." हळू म्हणालास, पण माइक जवळ होता. मुग्धाच्या काकांनी सांभाळून घेतलं, आनंदाचा दिवस आहे, चालायचंच. अण्णांनी हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं रे बाळ." त्यांच्या खिशातल्या रुमालावर त्या दिवशी थेंबही नव्हता. बाटली बेंगळूरला होती. पण तिथे ते दुसरं काय सांगणार होते? मुहूर्त जवळ आला होता. तुझ्या जागी मी असते तरी तेच बोलले असते, म्हणून हे तुला टोचायला लिहीत नाही. घडलं ते काय होतं एवढंच नोंदवते. लग्नाच्या आल्बमात त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत अण्णा बसलेले आहेत. मी तपासलं.

मी त्यांना मेंदूच्या मोठ्या इस्पितळात घेऊन गेले. इतक्या वर्षांत कोणी नेलं नव्हतं. नेलं असतं तर नाव कळलं असतं आणि नाव बाहेर गेलं असतं. तरुण डॉक्टर होता. त्याने अण्णांना टाचेला चवडा लावून सरळ रेषेत चालायला सांगितलं, स्वतःच्या नाकाला आणि त्याच्या बोटाला आलटून पालटून हात लावायला सांगितला. मग पहिला प्रश्न विचारला, "कुडितारा?" पितात का. अण्णा सवयीने हो म्हणाले. डॉक्टर लिहायला लागला. मी म्हटलं, नाही, पीत नाहीत, कधीच नाही. तो आमच्या दोघांकडे पाहत राहिला. त्याच्यासमोर रोज पेशंट नाही म्हणतात आणि घरचे हो म्हणतात. उलटं प्रकरण त्याने पाहिलं नसावं. मी अण्णांकडे वळून म्हटलं, आता पुरे. ते खिडकीबाहेर बघायला लागले आणि कन्नडमध्ये डॉक्टरला म्हणाले, मुलगी म्हणते ते लिहा.

आजार लहान मेंदूचा आहे. शरीराचा तोल, हाताची अचूकता, बोलणं, गिळणं, हे सगळं जिथून चालतं तो भाग हळूहळू झिजतो. विचार आणि आठवणी बहुतेक शाबूत राहतात, याला लोक दिलासा समजतात. औषध नाही. व्यायामाने वेग थोडा कमी होतो. अण्णांच्या रक्तातला जनुकाचा दोष सापडला आहे, म्हणजे शंका उरलेली नाही. तो प्रत्येक मुलाकडे जाण्याची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी भेद नाही. गेला असेल तर पुढच्या पिढीत तो कधीकधी लवकर सुरू होतो. गेला नसेल तर तिथेच थांबतो, पुढे मुलांकडे जाऊ शकत नाही. मला जेवढं नक्की सांगितलं गेलं तेवढंच लिहिलं आहे. आत्याला मी फोन केला होता. 'माझे पाय वाताने दुखतात' एवढंच म्हणून तिने फोन ठेवला. तिच्या मुलीचं लग्न ठरतंय.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. तपासणीआधी तिथल्या समुपदेशक बाई समजावून सांगतात की कुटुंबातल्या दुसऱ्या माणसाला माहीत नसण्याचा हक्क असतो. मी यावर पुष्कळ विचार केला. हे पत्र तुझा तो हक्क घेतं आहे. पण तुला माहीत नव्हतं असं कुठे होतं? तुला चुकीचं माहीत होतं आणि त्या चुकीच्या माहितीवर तू एक माणूस आयुष्यातून काढून टाकलास. शिवाय गेल्या महिन्यात मुग्धाने फोनवर सांगितलं की तुम्ही आता मुलाचा विचार करताय. ती इतक्या आनंदाने बोलत होती की मी अभिनंदन म्हणाले आणि आमच्याकडे पाऊस पडतोय असं काहीतरी सांगितलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी आजीचंच काम पुढे चालवते आहे. आज कळलं तर तुमच्या हातात काही निवड आहे. डॉक्टरांकडे त्यासाठी मार्ग आहेत, ते नीट समजावून सांगतात. नंतर कळलं तर नुसतं कळेल. तपासणी करायची की नाही हे तुझं तू ठरव. मी ढकलणार नाही.

माझं काय चाललं आहे ते थोडक्यात. मी दमले आहे. हा शब्द मी सहसा वापरत नाही. काम नेहमीचंच आहे. सकाळी कंपनीची बस, देवनहळ्ळीच्या अलीकडे उतरायचं, जिथे आपण लहानपणी द्राक्षांचे मळे बघितले होते तिथे आता आमच्या शेड आहेत. विमानाच्या भागांतली बेअरिंग तुटेपर्यंत फिरवायची आणि ती साधारण किती टिकतील ते सांगायचं. लोकांना वाटतं मी भविष्य सांगते. मी फक्त शेकड्याबद्दल सांगू शकते. टेबलावरच्या या एका बेअरिंगबद्दल मला काहीही सांगता येत नाही. हे वाक्य मी नव्या मुलांना दरवर्षी शिकवते. गेलं वर्षभर ते शिकवताना मला थांबून पाणी प्यावं लागतं. आणि पाणी पिताना मी लक्ष देते, ठसका लागतो का.

कारण मी सगळ्याकडेच लक्ष देते. दात घासताना एका पायावर उभी राहते. फरशीच्या सांध्यावरून चालून बघते. चमचा पडला की का पडला. फोनचं लॉक एकदा चुकलं तर बोटं चुकली की घाई होती. सही रोज एका कागदावर करून तारखेसह ठेवत होते, तो प्रकार मीच बंद केला. कोणतीही गोष्ट इतक्या वेळा मोजली की तिच्यातली किरकोळ थरथर तेवढी दिसते, हे मला माझ्या कामातून चांगलं माहीत आहे. माहीत असून थांबता येत नाही. मरणाची भीती म्हणतात ती मोठी काही असेल असं मला वाटायचं. माझ्याकडे ती अशी येते, बसमध्ये दांडी न धरता उभं राहून. ड्रायव्हरने ब्रेक मारला की सगळेच कलतात. मी बघते, माझ्या आधी सावरलं कोण.

प्रणीत तुला आठवत असेल. माझ्या ऑफिसातला, नागपूरचा. तुझ्या लग्नाला आला होता आणि आईने पंगतीत त्याला नको म्हणेपर्यंत वाढलं होतं. त्याने मला लग्नाचं विचारलं. मी नाही म्हटलं आणि कारण दिलं नाही. त्याला वाटलं मला घरची लाज वाटते. म्हणाला, "अगं, तुझ्या बाबांच्या सवयीचा मला काही प्रॉब्लेम नाही. आमच्याकडे माझे मामा रोज बसतात." सुधी, अण्णांचा हिशेब बरोबर होता. पिणाऱ्याच्या पोरीला मागणी आली, आणि अगदी चांगली आली. मी त्याला तेव्हा खरं सांगू शकले असते. मी नुसतं, कॉफी थंड होतेय म्हटलं. आता तो हैदराबादला असतो. चांगला माणूस आहे.

अण्णांना मी तपासणीचं सांगितलेलं नाही, पण त्यांनी ओळखलं असावं. मी घरात चालत असले की ते माझ्या पायांकडे बघतात आणि मी बघितलं की टीव्हीकडे. परवा त्यांनी मला एक ब्लाउजपीस कापायला लावलं, खूण न करता. उगाच म्हणाले, जमतंय का बघ. मी कापलं. त्यांनी कड बोटाने तपासली, दोन्ही टोकांपर्यंत, आणि घडी करून आईला दिलं. मला शिवणकामाचं काही येत नाही, कड तशीही वाकडी येणार. त्यावरून काही सिद्ध होत नाही. मी रात्री ते कापड कपाटातून काढून पुन्हा पाहिलं. त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं तर मी काय सांगू, असं आई विचारत होती. मी म्हटलं, ते विचारत नाहीत. ती म्हणाली, "विचारतात की. तू ऑफिसला गेलीस की विचारतात."

आता हे पत्र का लिहिलं ते. वरचं सगळं खरं आहे आणि सांगणं जरुरीचंच होतं, पण तेवढ्यासाठी मी आणखी वर्षभर थांबले असते, मी स्वतःला ओळखते. माझा निकाल इस्पितळातल्या कपाटात आहे. तो टपालाने पाठवत नाहीत, फोनवर सांगत नाहीत, आणि एकट्या माणसाला देत नाहीत. सोबत कोणीतरी जवळचं लागतं. तशी पद्धत आहे आणि पद्धत बरोबर आहे. मी एकटी गेले होते. त्या समुपदेशक बाईंनी माझ्या मागे दाराकडे बघत विचारलं, "जोतेगे यारू बंदिल्वा?" सोबत कोणीच नाही का. आईला मी नेऊ शकत नाही, ती माझ्या तोंडाकडे बघेल आणि मी तिच्या. कोण येतंय म्हणून सांगावं याचा मी विचारही केला नाही, तोंडातून आपोआप निघालं, तम्म येतोय. धाकटा भाऊ येतोय. सरी, ठीक आहे, बसा, म्हणाल्या. मी बाकावर बसले. दुपारी जेवायची वेळ झाली, लोक उठले, त्यांच्याबरोबर उठून मी घरी आले. नंतर त्यांचा फोन आला, तम्म आले का. मी सांगितलं, पुण्याला असतो, कामात आहे, पुढच्या महिन्यात येईल. त्यांनी दिवस दिला आहे (तारीख या पानाच्या मागे लिहिली आहे), सोबत येणाऱ्याच्या जागी तुझं पूर्ण नाव लिहून घेतलं आहे. सुधींद्र. त्या खोलीत त्यांच्या टेबलासमोर दोन खुर्च्या आहेत. तुला काही बोलायचं नाही, तुझं रक्त कोणी मागणार नाही, अण्णांना भेटायचं की नाही हेही मी विचारणार नाही. तू फक्त दुसऱ्या खुर्चीत बस. विमानतळ माझ्या ऑफिसपासून जवळ आहे, मी घ्यायला येईन, बाहेरच्या पहिल्या खांबाशी उभी असेन. आपल्या घरात सगळ्यांनी आपापलं खोटं नीट निभावलं. हे एक मला एकटीने निभावता येत नाही. तू येतोयस असं मी सांगून बसले आहे. ते खरं कर.

तुझीच,
अक्का